आमच्या भिंतीवरचं पुढचं वर्ष

आमच्या भिंतीवर कायम पुढचं वर्ष टांगलेलं असतं. लोकांच्या घरी जानेवारीत चालू वर्षाचं कॅलेंडर येतं. आमच्याकडे त्याच सुमाराला त्याच्या पुढच्या वर्षाचे कच्चे कागद येतात, चित्राशिवाय, कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेले. सिलिंडर कधी लावला ते मी त्याच कागदावर लिहिते, आणि आमचा सिलिंडर आजवर एकदाही बरोबर वारी लागलेला नाही.

याचं कारण आमचे हे. कॅलेंडरं छापणाऱ्या छापखान्यात हे एकतीस वर्षं प्रूफं वाचतात. साऱ्या गावाला तारखा पुरवणारा माणूस, आणि त्याच्याच बायकोला आज कोणता वार ते शेजारणीला विचारावं लागतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल तर आमच्या स्वयंपाकघरात या.

कॅलेंडर वाचायची यांची एक रीत आहे. पान आधी आडवं वाचायचं, मग उभं, आणि शेवटी एकतीसपासून उलटं एकपर्यंत. "सुलट वाचलं की डोळा थापा मारतो," हे म्हणतात. "जे असायला पाहिजे तेच वाचतो, जे आहे ते नाही." काळ्या आणि लाल तारखा वेगवेगळ्या छापल्या जातात, म्हणून लालवर विशेष डोळा. काळी तारीख चुकून लाल झाली तर गाव घरी बसणार, आणि लाल तारीख काळी राहिली तर देव उपाशी. यांच्या खुणाही आता मला पाठ झाल्या आहेत. त्यातली एक यांना मुळीच आवडत नाही. चूक समजून एखाद्या मजकुरावर खूण केली आणि नंतर कळलं की तो आहे तसाच हवा, तर त्याच्याखाली टिंबं काढायची आणि कडेला लिहायचं, 'आहे तसं ठेवा.' ती खूण करायची म्हणजे आपणच घाई केली हे कबूल करायचं. एकतीस वर्षांत ती किती वेळा केली असेल ते विचारलं तर हे विषय बदलतात.

पुढच्या वर्षीचे सण सगळ्यांच्या आधी यांना कळतात, म्हणून आमच्याकडे माणसांची रीघ. सरकारी सुट्ट्या जागच्या जागी असतात, पण आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. त्यामुळे कुठला सण कुठल्या सुट्टीला खेटून येईल याचा नेम नाही. "काका, जोडून सुट्ट्या कधी?" असं विचारत लोक येतात, आणि हे पाठ म्हटल्यासारखे सांगतात: दसरा सोमवारी, शनिवार-रविवार आधीचे, मंगळवारी एक रजा टाका, बोटीची तिकिटं आत्ताच काढा. कारण लोकांना जायचं असतं ते बेटावर. आमच्या धक्क्यावरून दुपारी चारला बोट सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेटाला लागते. निम्म्या आळीच्या बेटाच्या सहली यांनी आखून दिल्या. माणसं काळवंडून परत येतात आणि आठवणीनं आम्हाला शिंपले आणून देतात. एक मोठं काचेचं भांडं भरलं आहे. आम्ही स्वतः वेचलेला शिंपला त्यात एकही नव्हता.

आणि ते बेट आम्हाला परकं नव्हे. यांची धाकटी बहीण तिथे राहते.

वन्सं यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी यांनी छापखान्यातून घरी आणलेली प्रूफं त्याच वाचून दाखवायच्या. फ्रॉकमधली पोर पाटावर बसून "एकतीस, तीस, एकोणतीस" असं उलटं म्हणायची आणि हे पेन्सिलीचं टोक आकड्यावरून सरकवायचे. पुढे त्या नर्स झाल्या, बेटावरच्या सरकारी दवाखान्यात लागल्या, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका सालस माणसाशी तिथेच लग्न केलं आणि तिथल्याच झाल्या. त्याला वीस वर्षं झाली. दवाखान्यात नर्स तीन, त्यातली एक कायम आजारी, त्यामुळे त्यांना निघता येत नाही. एकदाच आल्या, सासूबाई गेल्या तेव्हा. ते तीन दिवस माणसांनी असे भरले होते की बहीण-भावाला दोन शब्द धड बोलता आले नाहीत. दर रविवारी फोन होतो. त्यात चेहरा दिसतो, पण बेटावरून चित्र अडकत येतं, आणि अर्धं बोलणं "दिसतोय का? आता?" यातच जातं.

मग जायचं का नाही? तेच तर सांगते. यांच्या जाण्याला अटी तीन. आजारपणाशिवाय रजा घ्यायची नाही, म्हणजे सुट्टी सणाचीच हवी. पण सासूबाईंचा दंडक असा की सणाच्या दिवशी घराला कुलूप लागता कामा नये, देवापुढे दिवा हवा. म्हणजे ज्या दिवशी सुट्टी मिळते त्याच दिवशी घर सोडायचं नाही! सकाळी पूजा आटपून दुपारची बोट धरता येईल असा सण हवा आणि त्याला लागून आणखी दोन-तीन सुट्ट्या हव्यात. आणि तिसरी अट, त्याच दिवसांत वन्संनाही बेटावरची सुट्टी हवी. "ती वॉर्डात आणि मी बाहेर बाकावर, मग जाऊन उपयोग काय?" असं यांचं म्हणणं. पावसाळ्याचे चार महिने बोट बंद, आणि पाऊस सरला की दिवाळीपर्यंत छापखान्याचा हंगाम. एवढ्या चाळण्यांतून चाळलं की वर्षात एखादी तारीख उरायची. ती सापडली की वन्संना पाठवायच्या कॅलेंडरवर हे तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचे. "यंदा येतोय" असं लिहायचे नाहीत. गोल काढला की झालं.

असे एकोणीस गोल गेले. एकदा वादळ आलं आणि बोट सुटलीच नाही. एकदा माझं पोटाचं ऑपरेशन निघालं. एकदा दोन पंचांगांत सणाच्या दिवसावरून जुंपली, सरकारनं एकाचं ऐकलं, बेटानं दुसऱ्याचं, आणि यांची सुट्टी गुरुवारी तर वन्संची शुक्रवारी. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय. दर वेळी हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी बरी जुळतेय." मला राग यायचा. बहीण काय ग्रहण आहे, जुळून आल्यावरच दिसायला?

यंदाचं वर्ष तर अगदीच खडखडीत निघालं. सगळे सोयीचे सण रविवारी. रामनवमीसुद्धा सतरा एप्रिलला, रविवारीच. सण रविवारी आला म्हणजे सुट्टी बुडाली. वन्संना गेलेल्या विसाव्या कॅलेंडरवर पहिल्यांदाच गोल नव्हता. ते मिळाल्यावर त्या फोनवर हसत म्हणाल्या, "दादा, पेन्सिल संपली का रे?"  फोन माझ्या हातात देऊन हे उगाचच नळ बंद आहे का ते बघायला गेले.

त्यानंतर फेब्रुवारीतली गोष्ट. पुढच्या वर्षाच्या प्रूफांचं काम रंगात आलं होतं. एका संध्याकाळी हे बूट न काढताच आत आले.

"सापडली! सहा एप्रिल! गुरुवारी नवमी, शुक्रवारी सरकारी सुट्टी, तिच्याकडेही सुट्टी, मग शनिवार-रविवार. बाराला रामजन्म, चारची बोट. बस!"

एकतीस वर्षांत यांना इतकं खुललेलं मी बघितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिकिटं काढली, सहाला जायची, नऊला परतीची. तिकिटावर तारीख होती, वार छापलेला नव्हता. असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. रविवारी वन्संना सांगितलं, "चिमणे, सहाला निघतोय, सातला सकाळी तिथे." पलीकडे क्षणभर काही आवाजच आला नाही. मला वाटलं, नेहमीसारखं अडकलं.

अर्ध्या तासानं माझा फोन वाजला.

"वहिनी, दादा जवळ आहे?"

"नाही, भाजी आणायला गेलेत. का हो?"

"अहो, तो पुढच्या वर्षीच्या तारखा सांगतोय."

मी भिंतीकडे बघितलं. पुढचं वर्ष तिथे निमूट लटकत होतं. रात्रंदिवस त्यातच डोकं घातलेल्या यांना तेच चालू वर्ष वाटलं होतं.

"यंदा सहाला बुधवार आहे," वन्सं म्हणाल्या. "नवमी नाही नि काही नाही. सात, आठ, नऊ, तिन्ही दिवस माझी सकाळची ड्युटी."

"अगं बाई! थांबा, आले की सांगते."

"नका सांगू." मग म्हणाल्या, "वहिनी, एकोणीस बरोबर तारखा झाल्या. एक चुकीची येऊ दे ना."

नवऱ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही, आणि गप्प बसणं तर त्याहून जमत नाही. तरी दीड महिना गप्प बसले. ओठांवर आलेलं गिळताना किती वेळा जीभ चावली असेल! मध्येच एकदा छापखान्याच्या मालकांना भेटून आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले.

"तीन दिवस दिले," ते म्हणाले. "आणि रजेचा अर्ज नको. तुमचे यजमान तो वाचतील नि त्यात चुका काढतील."

मालकांना कळलं म्हणजे छापखान्याला कळलं. हे रोज तिथे सांगत होते, "सहाला निघतोय," आणि अख्खा छापखाना मान डोलवत होता. यांना तारीख ठाऊक नाही हे यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच तारखेला संध्याकाळी बॅग भरून झाली होती. हे देवघराशी उभे राहून म्हणाले, "फुलं आणली नाहीस? उद्या नवमी."

आता आली वेळ. मी हात पुसले.

"नवमीला अजून अकरा-बारा दिवस आहेत. उद्या बुधवार. कामाचा."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. जवळ जाऊन कागदावरचा वर्षाचा आकडा वाचला. मग तोच आकडा शेवटाकडून उलटा वाचला, मी शपथेवर सांगते. आणि खाली पाटावर बसले.

"मी चुकलो?" हे म्हणाले. "तारखेत?"

बरं झालं, एकदा तरी चुकलात, असं म्हणणार होते. पण तो चेहरा बघवेना.

"तिकिटं परत करून येतो. तिला फोन लाव. उगाच वाट बघेल."

"वन्संना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. मालकांनाही माहीत आहे, रजा मिळालीय."

"तिला माहीत आहे?" यांनी भरलेल्या बॅगेकडे बघितलं. मग म्हणाले, "अगं, पण ती कामावर असणार. मी तिथे जाऊन काय करू?"

मग मात्र माझा तोल गेला.

"एकोणीस वर्षं तुम्ही सुट्टी साधायला निघालात. एकदा बहिणीला भेटायला निघा! तिला पांढरे केस आलेत, ते तुम्ही फोनच्या काचेत बघताय."

"आणि देव? घराला कुलूप?"

"आईंचा दंडक सणाच्या दिवसाचा. उद्या सण कुठाय?"

 वाक्य यांनी सुलट तपासलं, उलट तपासलं, चूक सापडेना. सणांतून वाट काढता काढता ज्यांची वीस वर्षं गेली, त्यांच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं की सण नसलेल्या दिवशी घराला कुलूप लावता येतं.

सात तारखेला सकाळी बोट बेटाला लागली. आयुष्यभर यांनी एप्रिलच्या पानावर तेच एक चित्र बघितलेलं: वाकलेलं नारळाचं झाड, पांढरी वाळू आणि निळं पाणी. कठड्याशी उभे राहून हे समुद्राकडे बघत होते. तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, आणि त्याचा तो रंग.

"निळी शाई जास्त पडलीय," हे म्हणाले. मी हसले नाही.

धक्क्यावर वन्सं दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत उभ्या होत्या, आठची ड्युटी गाठायची म्हणून. शेजारी त्यांचे यजमान, हाताला इंजिनचं काळं तेल. बहीण-भाऊ समोरासमोर आले. एवढ्या लांबून आलेला माणूस बॅगेचा पट्टा सोडेना. शेवटी वन्संच म्हणाल्या, "एकतीस."

"तीस," हे म्हणाले.

एकोणतीस कोणी म्हटलं नाही. वन्संनी यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मी आणि त्यांचे यजमान उगाचच बॅगा मोजायला लागलो.

यजमान सामान घेऊन घरी गेले. आम्हीही दमलो होतो, पण हे ऐकेनात. मला घेऊन वन्संबरोबर दवाखान्यात गेले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ज्या बाकाची यांना वीस वर्षं धास्ती होती, तोच बाक. आठ ते दोन. वन्सं दर थोड्या वेळानं दारातून डोकावायच्या, एकदा पाण्याचा पेला घेऊन, एकदा हातात थर्मामीटर घेऊन, एकदा नुसत्याच. हे तिथेच आहेत ना, एवढंच बघायचं आणि आत जायचं. मधल्या वेळात यांनी भिंतीवरच्या सूचना वाचल्या आणि 'थूंकू नये' मधला ऊकार पेन्सिलीनं सुधारला.

एक म्हातारी पट्टी बदलून बाहेर आली. यांच्यासमोर थांबून तिनं यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच का ते येणारे दादा?"

"म्हणजे?"

"सिस्टर सांगतात ना दरवर्षी. माझा दादा येणारे, माझा दादा येणारे. माझी सून दोनदा बाळंत झाली तेव्हापासून ऐकतेय मी. आलात होय!"

हे "हो" म्हणाले. पुढे बराच वेळ सूचना वाचायच्या सोडून स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

दोन वाजता आम्ही घरी गेलो. घर दोन खोल्यांचं. जेवणं झाली, आणि बॅग ठेवायला म्हणून हे आतल्या खोलीत गेले ते बाहेर येईनात. मी बघायला गेले. भिंतीवर ओळीनं एकोणीस कॅलेंडरं टांगली होती, यांनी पाठवलेली. सगळी वेगवेगळ्या महिन्यांवर. कुठे मार्च, कुठे नोव्हेंबर, कुठे जानेवारीच. प्रत्येक उघड्या पानावर यांच्या पेन्सिलीचा एक गोल. ज्या महिन्यात दादा येणार होता, त्या महिन्यापुढे वन्संनी पान उलटलंच नव्हतं.

"मग पुढचे महिने कसे बघायचीस?" यांनी विचारलं. 

"दवाखान्यात आहे ना दुसरं," वन्सं म्हणाल्या. "हे तुझं. तू आल्यावर पुढे न्यायचं, असं ठरवलं होतं."

मला यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच क्षणी जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. हे एकेक कॅलेंडर वाचत होते. गोलातली एकही तारीख चुकलेली नव्हती. वार, तिथी, सुट्टी, सगळं बिनचूक, आणि एकाही दिवशी हे इथे नव्हते.

विसावं कॅलेंडर दाराच्या मागे होतं, यंदाचं, बिनगोलाचं. एप्रिल महिना. त्यातल्या सात, आठ आणि नऊ या काळ्या तारखा वन्संनी जखमेला लावायच्या लाल औषधानं रंगवल्या होत्या. औषध जरा पसरलं होतं आणि सातचा आकडा सुट्टीसारखा लाल दिसत होता.

यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. कामाच्या तीन दिवसांना लाल केलेलं! वन्सं घाईघाईनं पुढे झाल्या.

"दादा, चूक आहे, माहितीय मला. पण खोडू नको."

यांनी चष्मा पुसला, दाराशी वाकले, आणि सातच्या खाली हळूहळू टिंबं काढली. मग आठच्या खाली. मग नऊच्या. कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'आहे तसं ठेवा.'

मग पेन्सिल खिशात ठेवली आणि वन्संना विचारलं, उद्याची ड्युटी किती वाजता. आठला, त्या म्हणाल्या. अजून दोन दिवस होते, दोन्ही कामाचे.